तळहात पिवळे झाले नाहीत म्हणून

रंजना, तुझ्यावर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे आवाज चढला तर तुला नवल वाटायला नको. तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, गेलेल्या माणसावर राग धरू नये. सांगणाऱ्यांचं काय जातं? त्यांना चहा पिऊन आपापल्या घरी जायचं असतं. मला इथेच राहायचं आहे, या स्वयंपाकघरात. डबे अजून तू लावलेस तसेच आहेत. साखर डावीकडे, तिखट उजवीकडे, मीठ सगळ्यांत पुढे, आणि मधलं बोटभर अंतरसुद्धा ठरलेलं. मी समजत होतो, उतारवयात तुला टापटिपीची हौस आली.

आठ महिने तुला दिवेलागणीनंतर दिसत नव्हतं आणि तू मला सांगितलं नाहीस. माझा राग आहे तो हा.

ही वही सोनलने आणून दिली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही कोणाशी बोलत नाही, तर लिहा तरी." मी म्हटलं, मी नववी नापास माणूस, गाजरं विकणारा, मी काय लिहू? ती म्हणाली, "भांडता तसं लिहा." आपली मुलगी तुझ्यावर गेली आहे. हळू आवाजात बोलते आणि वर्मावर बोट ठेवते.

तर भांडण पहिल्यापासून मांडतो.

लोणी काळभोरहून आलो तेव्हा आपल्याकडे एक पाटी होती आणि मंडईच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, दोन फूट जागा. तीही मी भांडून मिळवलेली. मी ओरडायचो, तू जुड्या बांधायचीस. एखादी बाई मेथीला नाक मुरडायला लागली की मी तिच्या अंगावर जायचो, आणि तू माझ्याकडे न बघता म्हणायचीस, "ताई, यांचं मनावर घेऊ नका. वर चार काड्या कोथिंबीर टाकते." ती जुडी घेऊन जायची आणि पुढच्या आठवड्यात तुलाच शोधत यायची. पुढे आत गाळा मिळाला, एकाचे दोन झाले. लोक म्हणतात मी शून्यातून वर आलो. खरंच आलो. पण जुनी गिऱ्हाइकं मला आजही 'रंजनाबाईंचे मिस्टर' म्हणतात. तुला वाटायचं मला त्याचा राग येतो. येत नव्हता. एवढं एक तरी तुला सांगून ठेवायला हवं होतं.

त्यातून तू काय केलंस? परवाच्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीनंतर संध्याकाळी गाळ्यावर यायचं बंद केलंस. सकाळी यायचीस आणि चारच्या आत घरी. विचारलं तर म्हणालीस, "कंटाळा आला मला त्या गर्दीचा." ज्या गर्दीवर आपण पोट भरलं तिचा कंटाळा! मला वाटलं, तुला माझाच कंटाळा आला. मीही मग विचारणं सोडलं. आपल्याकडे रुसवा हा एकाच्या मालकीचा नव्हता. तू धरलास की मीही धरायचो, आणि कोण आधी सोडतं ते बघत बसायचो.

अंगाला खाज तुला त्याआधीपासून होती. रात्री उठून कंगव्याने पाठ खाजवायचीस. डोळ्यांत किंचित पिवळेपणा दिसला तसं मीच निदान केलं, कावीळ. डॉक्टर कशाला लागतो? कावीळ झाली की तेल-तूप बंद, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. घरात फोडणी बंद केली. वरणावरचं तूप बंद. तुला उकडलेला दुधी, कण्या, ताक. तू एकदा म्हणालीस, "अहो, तोंडाला चव नाही हो." मी म्हटलं, "चव महत्त्वाची की लिव्हर?" फार शहाणपणाचं बोललो असं तेव्हा वाटलं होतं.

मग तुझे डोळे खुपायला लागले. वाळू गेल्यासारखे, कोरडे. कोपरांची कातडी खरखरीत झाली, सर्दी-खोकला पाठ सोडेना. मी म्हटलं, डोळे ना? डोळ्यांचं औषध तर मी रोज टनाने उतरवतो. त्या दिवसापासून गाळ्यावरची सगळ्यांत चांगली गाजरं आधी घरी यायला लागली. गर्द केशरी, बोटाएवढी बारीक, मधला दांडा कोवळा. त्या गाजरांना हॉटेलवाले मी मागेन तो भाव देत होते. मी त्यांना दिली नाहीत. रोज सकाळी उपाशी पोटी तुला पेलाभर रस. प्रेम म्हणजे काय ते मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने येत नाही. उत्तम माल निवडायचा आणि तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

दोन महिने झाले, तीन झाले. डोळ्यांना फरक नाही.

शेजारच्या गाळ्यावरच्या हमीदभाईंना मी हे बोलून दाखवलं. त्यांचं घराणं आपल्या कितीतरी आधीपासून मंडईत फळं विकतंय. ते हसले. "अहो, आमच्या नातवाला त्याच्या आईने गाजरं खिलवली, तर पोराचे तळहात पिवळेधमक झाले. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, काही नाही, गाजराचा रंग आहे, कमी करा, जाईल. वहिनींचे झाले का?"

मी त्या दिवशी दुपारीच घरी आलो आणि तुझे हात बघायला मागितले. तू हसत पुढे केलेस. तुला वाटलं बांगड्या आणल्या असतील. तळहात जसेच्या तसे होते. पांढरे. पुढे मोरीत पाहिलं तर जाळीला केशरी चोथ्याचा कण अडकलेला.

मी माणूस ओळखतो, रंजना. पोत्यात वर चांगला माल आणि तळाला कुजका, हे मला पोतं न उघडता कळतं. मी पुरावा जुळवला. रोज रस, तरी तळहात पांढरे, मोरीत केशरी.

"ओततेस तू."

"काय ओतते?"

"रस. मोरीत. मी तिकडे मरमर करून माल निवडतो आणि तू मोरीला पाजतेस."

"अहो, भांडं विसळलं मी."

"मला शिकवू नकोस. तीस वर्षं मंडईत काढलीत मी."

"मीही तिथेच होते," तू म्हणालीस. आणि आत गेलीस.

दुसऱ्या दिवसापासून पेला रिकामा होईपर्यंत मी समोर उभा राहायला लागलो. तू एका दमात प्यायचीस, पेला उलटा करून दाखवायचीस आणि एक शब्द बोलायची नाहीस. त्याला काय म्हणायचं? मी त्याला तुझी माघार म्हटलं. वाटलं, चोरी पकडली म्हणून आता पिते आहे.

मग आषाढातली ती संध्याकाळ. जिन्यातला दिवा गेलेला. तू खालून दूध घेऊन वर येत होतीस. पायऱ्या मोजून चढायचीस, हे मला नंतर कळलं. पण मधल्या सपाटीवर कोणीतरी गॅसचं सिलिंडर ठेवलं होतं, आणि ते तुझ्या मोजणीत नव्हतं. मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी तुझे डोळे पाहिले आणि म्हणाले, हाड जुळेल, पण हे पिवळं काय आहे? त्यांनी पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

सोनलपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल ती बाई. तिने खाजेचं विचारलं, कोपर हातांनी चाचपलं, पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "काकू, दिवेलागणीनंतर दिसायला त्रास होतो?"

तू मान खाली घातलीस. "दिसतच नाही. आठ महिने झाले."

मी खुर्चीवरून उठलो. "आठ महिने? अगं, मग मला..."

"काका, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

मंडईत मला 'बसा' म्हणायची कोणाची छाती नाही. मी बसलो. परक्या बाईला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलंस. मला नाही. तिथे माझ्या आत जे तटकन तुटलं ते आजवर जुळलेलं नाही.

रक्ताचे रिपोर्ट आले. यकृतातल्या पित्ताच्या बारीक नळ्या हळूहळू बंद पडत जाण्याचा आजार, कित्येक वर्षांपासूनचा. आणि अंगात व्हिटॅमिन ए जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, "शक्य नाही. रोज गाजराचा रस देतो मी. आता हिने प्यायला की नाही ते हिलाच ठाऊक." तिथेही मी सोडलं नाही तुला.

"प्यायल्या असतील," ती म्हणाली. "उपाशी पोटी?"

"हो."

"आणि तेल-तूप?"

"पूर्ण बंद. कावीळ ना."

तिने पेन खाली ठेवलं आणि सावकाश समजावलं. गाजरात तयार व्हिटॅमिन ए नसतं, ते ज्यापासून बनतं तो केशरी पदार्थ असतो. तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. आतड्यातून आत जायला त्याला जेवणातलं चमचाभर तेल-तूप लागतं आणि यकृतातून येणारं पित्त लागतं. काकूंचं पित्त आतड्यापर्यंत नीट पोचत नव्हतं. तूप तुम्ही बंद केलंत. आत गेलेलं व्हिटॅमिन ए यकृतात साठतं, निरोगी माणसाला महिनोन् महिने पुरेल एवढं, आणि तिथून लागेल तसं अंगभर जातं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक रंगद्रव्य असतं, मंद उजेडात बघायचं काम त्याचं. उजेड पडला की ते विरतं आणि पुन्हा तयार व्हावं लागतं. तयार व्हायला व्हिटॅमिन ए लागतं. ते संपलं की आधी संध्याकाळ जाते. डोळ्यांचा ओलावा, कातडी, श्वासाच्या नळीचं आतलं अस्तर, आजाराशी झुंजायची ताकद, सगळं त्यावर चालतं. वाळू, खरखरीत कोपर, न हटणारी सर्दी, सगळं तिने एका दोरीत ओवून माझ्यासमोर ठेवलं.

मला कळलं ते माझ्या भाषेत कळलं. ट्रक भरून माल दारात येत होता, पण उतरवून घेणारा हमाल नव्हता. एक हमाल आजाराने नेला होता, दुसरा मी घरी बसवला होता. ट्रक आला तसा परत जात होता. आणि मी गोदामाच्या मालकिणीला चोर म्हणत होतो.

तरी मी शेवटचा पुरावा काढला. "पण मग तळहात पिवळे का नाही झाले?"

"तो रंग रक्तात गेला तर तळहातावर येईल ना, काका. तो आत गेलाच नाही. तळहात पिवळे झाले नाहीत म्हणून त्या पीत नव्हत्या, असं होत नाही." मला आठवलं, मी समोर उभा राहून पाजला तेव्हाही ते पांढरेच राहिले होते.

तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त पाहिलंस. मला त्यावेळी तुझ्याकडून एक शब्द हवा होता, 'बघा, म्हटलं नव्हतं?' एवढा जरी. तू तो दिला नाहीस. मग मी काय करणार? मी घासाघीस सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी व्हिटॅमिन ए चा डोस लिहिला तसं म्हटलं, "एवढासाच? आठ महिन्यांची तूट आहे, मॅडम. वर थोडं टाका."

तुला हसू आवरेना. मोडक्या हाताने तोंड झाकलंस.

"काका, ही कोथिंबीर नाही," ती म्हणाली. म्हणजे तिच्याही घरी कोणीतरी मंडईत जाणारं असणार. "जास्त झालं तर ते लघवीतून निघून जात नाही. साठतं. आणि साठतं त्याच यकृतात, जे आधीच आजारी आहे. आपण रक्त तपासत तपासत देऊ."

आयुष्यात पहिल्यांदा मी जास्त मिळत नाही म्हणून गप्प घरी आलो.

घरी फोडणी परत आली, डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेवढीच. पहिल्या दिवशी तू मोहरीचा तडतडाट ऐकत कढईपाशी उगाच उभी राहिलीस. काही आठवडे गेले. श्रावणातली एक संध्याकाळ, आपण गॅलरीत बसलो होतो. दिवा लावायचा राहिला होता. तू एकदम म्हणालीस, "तुमच्या डाव्या मिशीत फार पिकलंय हो."

मला कळायला क्षण लागला. दिवा लागलेला नव्हता.

"उजव्या?" मी विचारलं.

"उजवी त्याहून वाईट आहे."

"आलं वाटतं दिसायला. आता फक्त माझेच दोष दिसणार."

"त्याला डोळे कशाला लागतात?" तू म्हणालीस आणि कितीतरी वेळ हसत राहिलीस. मग समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून मला दाखवायला लागलीस. ती बघा बाई दोरीवरचे कपडे काढतेय. तो बघा मुलगा. मी सगळं पाहिलं. तो तुझ्या डोळ्यांचा सण होता, आणि त्याबद्दल मी त्या गोळ्यांना, त्या बाईला, ज्याने कोणी हे शोधून काढलं त्याला मनात हात जोडले.

तीच वेळ होती. तेव्हा म्हणायला हवं होतं, 'तू पीत होतीस. मी खोटा आळ घेतला.' शब्द ओठांवर आले होते. पण धंद्यात जो आधी आकडा बोलतो तो बुडतो. मला वाटलं, तूही काही देणं लागतेस. आठ महिने लपवलंस. तू तुझं आधी बोल, मग मी माझं. तू बोलली नाहीस, मी बोललो नाही. संध्याकाळ परत मिळाली होती, पण यकृत थांबायला तयार नव्हतं. माघात आधी पोटात पाणी झालं, मग ताप, मग चार दिवस हॉस्पिटल. चौथ्या दिवशी सकाळी मी खाली चहाला गेलो होतो.

तुझ्यासाठी आणलेल्या हारांचा भाव मी केला. तोंडातून निघून गेलं. फुलवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि हार बांधून दिले. हमीदभाईंनी मला हाताला धरून बाजूला नेलं.

तर असं आहे. माझी चूक मी मान्य करतो. पण तुझीही आहे. का लपवलंस? याचं उत्तर दिल्याशिवाय गेलीस, म्हणून राग.

•

वरचं लिहून चार दिवस झाले. काल रविवारी सोनल हिंजवडीहून आली. मी तिला वही दिली. तुझ्या ओट्याला टेकून ती वाचत होती. पहिल्याच पानावर थांबली.

"पप्पा, हे चुकलंय."

"काय चुकलंय? शुद्धलेखन?"

"आईने लपवलं नव्हतं. तिने तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी? स्वप्नात?"

"त्या दिवाळीच्या आधी. मी कंपनीच्या बसमध्ये होते, ट्रॅफिकमध्ये अडकलेले. आईचा फोन स्पीकरवर होता. तुम्ही दुसऱ्या फोनवर कोणाशी तरी भांडत होतात, गाडी उशिरा आली म्हणून. आई म्हणाली, 'अहो, मला संध्याकाळचं नीट दिसेनासं झालंय.' आणि तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्ही म्हणालात, 'दिवा लाव मग.'"

मी म्हटलं, मी असं बोलणार नाही. पण बोलताना कळत होतं की हे माझंच वाक्य आहे. दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.

"मीपण हसले, पप्पा," सोनल म्हणाली. "मला ते फनी वाटलं. आईपण हसली. मग तिने विषय बदलला. मला विचारलं, जेवलीस का." आणि ती ओट्यापाशी खाली बसली. मला तिच्याशेजारी बसायला वेळ लागला. गुडघे.

म्हणजे तू सांगितलं होतंस. एकदा सांगितलंस, उत्तर मिळालं, आणि मग तू दिवे लवकर लावायला लागलीस, डबे ओळीत लावलेस, पायऱ्या मोजल्यास. मी सांगितलं तसंच केलंस.

रंजना, तुझ्याकडे माझं आता काही मागणं उरलेलं नाही. तुला वाटेल, बरं झालं, माणूस हलका झाला. तसं झालेलं नाही. राग होता तोवर या घरात दोघं होतो. मी सकाळी चहा करताना तुला बोल लावायचो, गाळ्यावर गाजरं मांडताना तुझ्याशी हुज्जत घालायचो. भांडायला समोर माणूस लागतं, आणि तू समोर होतीस. काल संध्याकाळी सोनल गेली आणि मी दार लावलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घरात कोणी नाही.

तू रस पीत होतीस. शेवटच्या थेंबापर्यंत पीत होतीस. आळ मी घेतला, तो खोटा होता. हे लिहिलं. लिहिताना कोणी 'राहू द्या हो' म्हणालं नाही.

जाण्याआधी मी सोनलला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. "आईच्या आवाजात म्हण," मी म्हटलं. "आधी 'अहो' म्हणाली? मध्ये थांबली का? घाबरलेली वाटत होती की सहज म्हणाली?" तिने तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला तसं मी पुरे म्हटलं. पण ते वाक्य मला अजून ऐकू येत नाही. त्याच्यावर फोनवरचं माझंच ओरडणं येतं.

पुढच्या रविवारी ती येणार आहे. मी तिला पुन्हा म्हणायला सांगणार आहे. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.